वरच्या कातळाचं पाणी

९ जानेवारी १९८४

एकतीस! तीनदा वजन केलं, तिन्ही वेळा तेच. पाच नंबरच्या वाळलेल्या शेवाळात शंभराला एकतीस भाग तेल! आधीच्या चारांत कधी अकरा, कधी बारा, फार तर तेरा. तराजू बिघडला असेल म्हणून भिकूशिपायाला कपाटातला दुसरा काढायला लावला. तो कुरकुरला, पण काढला. दुसराही एकतीसच सांगतो.

आणि हीच बाटली मी टाकून देणार होते. बाकीच्या गडद हिरव्या होतात, ही पिवळट पडली होती. वाटलं, मेलं हे वाण.

आठ वाण आहेत माझ्याकडे. सगळे सावित्रीच्या खाडीतले, आमच्या वाडीपासून कोसाच्या आतले. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तरी एकात तेल जास्त, एकात कमी — का? या ‘का’पायी तीन वर्षं गेली. मोठ्या बाटल्या चारच, त्यामुळे एका वेळी एकच वाण वाढवता येतं. कॉलेजात मी अजून हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. पीएच.डी. झाली तर कायम, नाहीतर जूनमध्ये नमस्कार.

आज मात्र एकतीस! प्रयोगशाळेत एकटीच हसत होते.

११ जानेवारी

मुंबईला गुप्तेसरांना, माझ्या गाईडना, पत्र टाकलं. एकतीसच्या खाली दोन रेघा ओढल्या. नंतर वाटलं, एकच पुरे होती.

अण्णा आले, सहा नंबरसाठी पाणी घेऊन. वाडीपासून तुडीलपर्यंत कॅन डोक्यावर, तिथून एस.टी. कंडक्टर दर खेपेला म्हणतो, “म्हातारबा, महाडात काय पाणी नाय?” अण्णांना त्याचं उत्तर द्यायला फार आवडतं. “ह्ये शिकलेलं पाणी हाय. कॉलेजात जातंय.”

एकतीस सांगितलं. म्हणाले, “मंग रेशनचं पामतेल बंद करू काय?”

नेहमीसारखं विचारलं, “वरच्या कातळावरनंच ना?”

“वरच्या कातळावरनं.”

वहीत लिहिलं — पाणी : वरचा कातळ, भरतीचं.

अण्णा गेल्यावर मंजुळाबाई दारात. घरमालकीण म्हणून जिन्यावर त्यांचं फार लक्ष. “तुमचे वडील येतात, चांगलंय. पण पायऱ्यांवर चिखल किती तो!” मी फडकं घेतलं आणि पुसलं. काय बोलणार!

२० जानेवारी

सरांचं कार्ड. चारच ओळी. ‘उत्तम. पण एकदा आलेला आकडा हा आकडा नसतो. पाच नंबर आणखी दोनदा करा. तोच आला तर जूनच्या परिषदेत मांडू. नाही आला तर तुमच्या नोंदणीचा विचार करावा लागेल.’

‘विचार’ म्हणजे काय ते मला कळतं.

१२ फेब्रुवारी

सहा नंबर — बारा. सात नंबर — अकरा. म्हणजे पाचच वेगळा. बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

पाण्याबद्दल इथे एकदा लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर. सरांचा हट्ट आहे की बाटलीत वरून काही घालायचं नाही. खाडीचं पाणी गाळायचं, उकळायचं आणि त्यातच शेवाळ सोडायचं. खाडीत त्याला जे मिळतं तेच इथे मिळालं पाहिजे. म्हणून सगळा भार पाण्यावर. वाडीच्या वरच्या अंगाला काळा कातळ आहे, तिथे धार खोल आणि पाणी नितळ. खालचा पाणवठा म्हणजे गुडघाभर चिखल, म्हशी डुंबतात, शेणामुताचं पाणी. तिथलं चालणार नाही असं अण्णांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

खारं पाणी ते! कोणी पीत नाही. आंघोळ, कपडे, गुरं — एवढ्यालाच. तरी पाणवठे दोन. कातळ गावाचा, चिखल आमचा. आता हे कोणी पाळत नाही, आणि ते संपवलं अण्णांनीच. मुंबईला गोदीत होते तेव्हा. रजा काढून आले आणि वाडीतल्या तिघांना घेऊन भर दुपारी कातळावर आंघोळ केली. साबण लावून! वरच्या आळीतले काठावर उभे राहून बघत होते. कोणी खाली उतरलं नाही. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा साबणाचा रंगसुद्धा सांगायची. मी तेव्हा पाळण्यात होते.

२ मार्च

पाच नंबर, दुसरी खेप — बारा.

बारा!

३ मार्च

पुन्हा वजन केलं. बाराच. जेवले नाही.

७ मार्च

काय चुकलं? बाटल्या त्याच, खिडकी तीच. तेल काढायचा क्लोरोफॉर्म नवीन उघडलेला. भिकूवर उगाच ओरडले, बाटल्यांना हात लावलास का म्हणून. तो म्हणाला, “बाई, त्या वासापाशी मी कशाला जातोय?” खरंच आहे. दुपारी त्याला चहा पाजला, पण आधी बोललेलं काही परत घेता येत नाही.

बाटली या वेळी हिरवीगार होती. निरोगी बाटली बघून रडू येणारी मी एकटीच असेन.

सरांना खरं कळवलं. काय करणार!

१४ मार्च

सरांचं पत्र. दोनदा वाचलं, मग वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात घातलं. ते वाक्य काही डोक्यातून जात नाही — ‘आकडा मोठा दिसावा म्हणून होतकरू माणसाचा हात हलतो हे मी समजू शकतो. पण तुमच्यासारख्यांना मिळालेली संधी इतरांपेक्षा जास्त जपायची असते.’

तुमच्यासारख्यांना.

तीन वर्षं मला वाटत होतं, मी सरांची विद्यार्थिनी आहे.

माझा हात हलला नाही. हे कोणाला सांगू? तराजूला?

२० मार्च

महाडात आज पाय ठेवायला जागा नाही. चवदार तळ्याकडे जाणारे सगळे रस्ते निळे. ट्रकच्या ट्रक येताहेत, नाशिकचे, नगरचे, कुठकुठले. अण्णा दरवर्षीप्रमाणे सकाळीच. पांढरा सदरा, कडक इस्त्री, एका खांद्यावर झेंडा. आणि दुसऱ्या हातात माझा कॅन! “म्हटलं, येतोच हाय तर घेऊन येऊ. तुझी तिसरी खेप व्हायचीय ना?” भरती पहाटेच होती, ती गाठून आले होते.

एवढ्या गर्दीतून कॅन सांभाळत आणला म्हातार्‍याने. मला फार भरून आलं. तळ्यावर दोघं मिळून गेलो. अण्णांनी वाकून ओंजळ भरली, प्यायले, मला म्हणाले, “घे गो.” मीही प्यायले. पायऱ्यांवर उतरताना त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. इस्त्रीचा सदरा आणि खाली ते पाय! मी हसले. ते नाही हसले.

सरांच्या पत्राबद्दल सांगितलं नाही. आजच्या दिवशी नको.

जिना मीच पुसला, मंजुळाबाई बोलायच्या आत.

४ एप्रिल

तिसरी खेप — अकरा.

संपलं.

५ एप्रिल

बाटल्या धुवायला काढल्या. मग नाही धुतल्या. उद्या धुवीन.

वर्गात मुलींना कांद्याची साल दाखवत होते. एकीने विचारलं, “बाई, तुमचं संशोधन कशावर आहे?” म्हटलं, शेवाळावर. ती हसली. शेजारची पण हसली. मला राग आला नाही, हेच वाईट वाटलं.

८ एप्रिल

मुरारी आला. माझा धाकटा भाऊ, भायखळ्याला असतो. चौदा तारखेच्या जयंतीसाठी रजा काढून वाडीला निघाला होता, वाटेत माझ्याकडे उतरला. मी सगळं सांगितलं, पत्र पण दाखवलं. त्याला फक्त एक कळलं — “त्या गुप्तेला सांग ना, पहिला पाणी मी भरला होता, म्हणून एवढा तेल आला!”

म्हटलं, काय?

“नाताळात आलेलो तेव्हा! अण्णा तापात पडलेले. मी भरला कॅन, परत जाताना तुझ्याकडे टाकून गेलो. भूल गई क्या?”

विसरले नव्हते. तो कॅन देऊन गेला, त्यानेच आणला, हे आठवत होतं. भरलाही त्यानेच, हे डोक्यातच आलं नव्हतं. पाच नंबरचं पाणी! वहीत मात्र ओळ नेहमीचीच — ‘वरचा कातळ’.

“कुठून भरलास?”

“कातळावरनं. दुसरा कुठनं? खाली कोण उतरेल त्या चिखलात! नवे बूट होते यार.”

मी त्याच्या बुटांकडे बघत बसले. कातळ कोरडा असतो. कातळावर चिखल नसतो!

जिन्यावरचा चिखल. दर खेपेला. फक्त नाताळात नव्हता.

९ एप्रिल

मुरारीबरोबर वाडीला गेले.

अण्णा ओसरीवर सुतळी वळत होते. मी समोर उभी राहून विचारलं, पाणी कुठून भरता? “वरच्या कातळावरनं.” पुन्हा विचारलं. सुतळी वळायची थांबली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “कशाला इचारतेस गो, तुला ठाव हाय तर.”

मग मी काय काय बोलले! लिहायला लाज वाटते, पण लिहिते. म्हटलं, झेंडा खांद्यावर आणि पाय म्हशींच्या चिखलात? म्हटलं, तळ्यावर ओंजळ भरून पिता आणि मला खोटं सांगता? म्हटलं, तुमच्या पायांनी माझी तीन वर्षं बुडवली. मुरारी मध्ये पडला, “बस कर ना ताई.” मी नाही थांबले. साबणाची गोष्ट काढली. ती पण खोटीच का, असं विचारलं.

अण्णा म्हणाले, “ती खरी हाय. पर तवा आमी चौघं होतो. एकटा मी कवाच नाय गेलो त्या कातळावर.”

“कोणी अडवतं का?”

“कोण अडवंल? कोण नाय अडवत. पाय खालीच वळतात. खाली गेलो की मंग वाटतं, आता आलोच हाय तर भरू.” थोड्या वेळाने म्हणाले, “तुझ्या वहीत माझ्यापायी खोटं लिवलं गेलं. त्येवढं खोडून टाक.”

मी खोडलं नाही. उठून आले. पाणीसुद्धा न पिता.

१० एप्रिल

आई असती तर मला एक ठेवून दिली असती. बरं झालं असतं.

१४ एप्रिल

मुरारीला सांगून ठेवलं होतं — एक कॅन कातळावरून भर, एक खालून, दोन्हींवर पट्टी चिकटव. त्याने आज दोन्ही आणून दिले. ‘कातळ’, ‘खाल’ — ‘खालचा’ पूर्ण लिहायचा कंटाळा.

विचारलं, अण्णा मिरवणुकीत होते ना? “नाही. गुडघा दुखतो बोलले.” झेंडा कोणी धरला? “धोंडूने.”

अण्णांचा गुडघा कधी दुखत नाही. डोक्यावर कॅन घेऊन तुडील गाठतात ते.

३० एप्रिल

दोन बाटल्या कातळाच्या पाण्यात, दोन खालच्या. चारीत पाच नंबर. पंधरा दिवस तीच खिडकी, तोच उजेड.

कातळ : तीस, एकतीस. खालचं : बारा, अकरा.

मग पाच नंबरच खास की काय? भिकूकडून लोणच्याच्या बरण्या मागून घेतल्या होत्या, त्यांत सहा नंबर लावला होता तसाच. कातळ : एकोणतीस. खालचं : बारा.

म्हणजे वाणावाणांत फरक नाहीच! तीन वर्षं मी जो फरक शोधत होते तो वाणांत नव्हता, पाण्यात होता. खालच्या पाण्यात शेणामुताचं खत. शेवाळ खातं, वाढतं, हिरवंगार होतं, साठवत काही नाही. कातळाच्या नितळ पाण्यात खायला काही नसतं. वाढ खुंटते, रंग उडतो, आणि जे काही आहे ते पोटात धरून ठेवतं. त्याचंच तेल.

खोटी नव्हते मी. एकतीस खरा होता! वही मिटली आणि रडले. आनंदाने नाही. अण्णांना हे सांगायला हवं आणि कोणत्या तोंडाने सांगू?

६ मे

सरांचा निरोप आला होता, सहकुटुंब महाबळेश्वरला चाललोय, पोलादपूरला गाडी थांबेल, अकरा वाजता स्टँडसमोर या. गेले. आंबेनळीचा घाट चढायच्या आधी ड्रायव्हर गाडीला पाणी पाजत होता. सर हॉटेलात. बाईंनी, सरांच्या पत्नीने, मला पुढ्यातली भजी दिली.

वही बघता बघता सरांचा चेहरा उजळला. “अहो, ही तर उपासमारीची गोष्ट आहे! पहिल्यापेक्षा कितीतरी चांगली!” त्या पत्राचा उल्लेख नाही. मी वाट बघत होते. शेवटपर्यंत नाही.

मग म्हणाले, “पण तुमच्या नोंदीत सगळीकडे ‘वरचा कातळ’ लिहिलंय. खालचं पाणी आलं कुठून?”

सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. सर कपातल्या चहाकडे बघत राहिले. बाई पदर सारखा करू लागल्या. “हं. हे लिहायची गरज नाही. ‘स्थान अ’, ‘स्थान ब’ पुरे. परिषदेत लोक भलतेच फाटे फोडतात.”

अ आणि ब! चिखल धुऊन निघाला.

“आणि अजून एक खेप करा, पाऊस लागायच्या आत. या वेळी पाणी स्वतः भरा, पट्टीवर स्वतःची सही करा. दुसऱ्याच्या भरवशावर नको.”

मी जरा ताठच म्हटलं, “मी भरते म्हटल्यावर प्रश्नच नाही, सर.”

१२ मे

शनिवार. वाडीला आले. महिन्यानंतर. अण्णांनी विचारलं, “जेवलीस?” म्हटलं, हो. सांगितलं, आकडा खरा निघाला, तुमच्यामुळेच कळलं. “असं काय,” म्हणाले. सुतळी वळत राहिले.

माफी मागायची होती. उद्या पाणी भरून आल्यावर मागेन. सकाळी सातला भरती आहे. कॅनवर पट्टी लावून ठेवली — ‘वरचा कातळ’, खाली सही, तारीख.

१३ मे

कातळावर वरच्या आळीतल्या दोघीजणी कपडे धूत होत्या. चंद्रभागाकाकी आणि त्यांची सून. काकी हसून म्हणाल्या, “सुट्टी लागली वाटतं गो, ललिता? ये की.” मीही हसले. म्हटलं, तुमचं होऊ दे. आणि चालत राहिले. कॅन भरला, झाकण लावलं, उचलताना पट्टीवरची माझी सही दिसली. शेजारी म्हैस होती.

घरी आले. अण्णा ओसरीवर. “कुठनं भरलंस?”

म्हटलं, वरच्या कातळावरनं.

अण्णांनी माझ्या पायांकडे बघितलं. आत गेले, तांब्या भरून आणला, पायरीवर ठेवला.

“पाय धू गो,” म्हणाले.